पुठ्ठ्यातलं पत्र

जुन्या पुस्तकांची दुरुस्ती करणाऱ्या खात्यात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धुळीसाठी आमच्याकडे व्हॅक्यूम क्लीनर होता. किश्श्यांसाठी मस्कतच्या रूवी भागातली शुक्रवारची दुपार! चार मराठी टाळकी जमली, सोलकढीचा पहिला पेला रिकामा झाला, की कुणीतरी म्हणायचंच, "सदा, ते ज्यू लोकांचं पत्र सापडलं होतं ना, ते सांग."

मी सदानंद. गाव चौल, धंदा बाइंडिंगचा. अलिबागला माझं छोटंसं दुकान होतं. ते चालेना, म्हणून मस्कतला आलो आणि हस्तलिखितांच्या एका संग्रहात दुरुस्तीच्या कामाला लागलो. तिथे आम्ही मोजकीच माणसं. मुदीर खल्फान, म्हणजे आमचे डायरेक्टर. ओमानी माणूस, अतिशय शांत. रागावले की आणखी शांत. प्रमिला, पुण्याची, स्कॅनर आणि कॉम्प्युटर सांभाळणारी. आणि नासिर, आमचा ड्रायव्हर, जगातल्या प्रत्येक गोष्टीत ज्याला रस!

किस्से पुष्कळ आहेत, पण मुळात सगळे त्या एकाच पत्राचे.

*

ओमानची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली, त्या वर्षीची गोष्ट. ओमानच्या किनाऱ्यावरच्या खाबुरा गावच्या हाजी सालिम यांनी घरातलं एक जुनं अरबी पुस्तक दुरुस्तीला दिलं. धर्मशास्त्राचं. आतला कागद ठणठणीत, पण पुठ्ठा वाळवीनं पोखरलेला.

पूर्वी पुठ्ठा म्हणजे रद्दी कागद खळीनं एकावर एक चिकटवलेला थर. मी ओला टिपकागद ठेवून, बोथट सुरीनं एकेक पापुद्रा सोडवत होतो. तिसऱ्या पापुद्र्याखाली अक्षरं दिसली. चौकोनी, ठाशीव.

मुदीर भिंग घेऊन आले. "अरबी नाही."

प्रमिला म्हणाली, "उलटं धरलंय का?"

नासिर दारातूनच म्हणाला, "ताईत असेल. हात लावू नका!"

मी म्हटलं, "हिब्रू आहे. ज्यू लोकांची लिपी."

मुदीरनी भिंग खाली ठेवलं. "तुला हिब्रू येतं?"

"वाचता येत नाही. बांधता येतं!"

खरंच होतं ते. अलिबागच्या इस्रायल आळीत शलोममास्तर राहायचे. कोकणातले बेने इस्रायली, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. स्वतः रिटायर्ड मराठीचे मास्तर. एकदा प्रार्थनेचं पुस्तक बांधायला घेऊन आले. मी आपलं नेहमीसारखं कव्हर चढवलं. मास्तरांनी पुस्तक हातात घेतलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि म्हणाले, "सदा, देवाला शीर्षासन घातलंस रे!"

मग तासभर स्टुलावर बसून त्यांनी मला शिकवलं. हे उजवीकडून उघडतं, या अक्षराची शेपटी खाली जाते, हे अक्षर झोपडीसारखं दिसतं. तेव्हापासून ती अक्षरं मी आळीतल्या माणसांसारखी ओळखतो. नावं ठाऊक नाहीत, चेहरे ठाऊक आहेत.

*

वाचायला मग प्रोफेसरबाई आल्या. लंडनहून. पासष्टीच्या, बारीक, आखूड केसांच्या. चाळीस वर्षं अशा जुन्या ज्यू कागदांचाच अभ्यास केलेल्या. नाव रूथ, पण पहिल्या दिवशी मी "प्रोफेसरबाई" म्हणालो आणि मुदीरपासून नासिरपर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. ओमानी तोंडात ते "बुरूफेसर बाय" व्हायचं. त्यांना वाटलं, आपल्याला रोज निरोप देताहेत!

पहिल्याच आठवड्यात गाडीत त्यांनी नासिरला मृत समुद्राकाठची गोष्ट सांगितली. एका मेंढपाळाची शेळी हरवली. शोधता शोधता त्यानं एका गुहेत दगड मारला. आतून मडकं फुटल्याचा आवाज आला. मडक्यांत चामड्याच्या गुंडाळ्या होत्या, दोन हजार वर्षं जुन्या!

नासिरनं गाडी बाजूला घेतली. "एका दगडात?"

"एका दगडात."

रविवारी नासिर कामावर आला तो एक डोळा मिटलेला, ओठ वांग्याएवढा सुजलेला.

मुदीर शांतपणे म्हणाले, "किती गुहांत दगड मारलेस?"

"अकरा."

"काय मिळालं?"

"दहांत काही नाही. अकराव्या गुहेत मधमाश्या!"

प्रमिला हसून हसून टेबलावर डोकं ठेवून बसली. प्रोफेसरबाईंनी मात्र पर्समधून मलम काढलं आणि स्वतः त्याच्या कपाळाला लावलं. नासिर एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहत म्हणाला, "बाय, एक विचारू? त्या माणसाला शेवटी शेळी सापडली का?"

बाईंचा हात थांबला. "चाळीस वर्षांत हे मी कधी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या.

*

पुस्तक ज्या घरातून आलं त्या घरी आणखी कागद आहेत का, हे बघायला आम्ही खाबुऱ्याला गेलो. हाजी सालिम सत्तरीचे, अंगात पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा, आवाज मोठा. गाहवा, म्हणजे तिथली कॉफी, झाला, खजूर झाला. बाईंनी त्यांना समजावलं, ज्यूंमध्ये देवाचं नाव लिहिलेला कागद फाटला तरी फेकत नाहीत, सिनेगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघराच्या, एका कोठडीत ठेवतात. कैरोत अशीच कोठडी शेकडो वर्षं भरत राहिली. देवाच्या नावाबरोबर व्यापाऱ्यांची पत्रं, लग्नाचे करार, पोरांचे धडे, सगळंच आत पडलं. आज अभ्यासक त्यावरच जगतात.

"मग त्यात काय!" हाजी सालिम म्हणाले. "आमच्याकडेही आहे."

बाई उभ्याच राहिल्या!

मागच्या खोलीत तीन पोती होती. शिवलेली. बाईंनी हातमोजे चढवले. मी ब्रश घेतला. प्रमिलानं कॅमेरा लावला. पहिलं पोतं उसवलं.

लग्नाच्या पत्रिका!

दुसरं पोतं. लग्नाच्या पत्रिका. प्रत्येक पत्रिकेवर सुरुवातीला अल्लाचं नाव, मग ती टाकणार कशी? खाबुऱ्यापासून सोहारपर्यंत तीस-चाळीस वर्षांत जो जो बोहल्यावर चढला, तो तो त्या पोत्यांत होता. प्रमिला म्हणाली, "चला ना आता." पण बाई जागच्या हलल्या नाहीत. दुपारपर्यंत त्यांनी एकेक पत्रिका उघडून पाहिली, नीट घडी केली, परत ठेवली. एकही सोडली नाही.

शेवटी हाजी सालिमना राहवेना. "बाय, हे सगळे लग्न झालेले. तुमचं झालंय?"

"झालं होतं," बाई म्हणाल्या आणि पुढची पत्रिका उघडली.

*

आता वाचनाचा किस्सा.

पत्राचा एकच तुकडा, तळहाताहून थोडा मोठा. कसरीनं खाल्लेला. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "अक्षरं हिब्रू आहेत, पण भाषा अरबी आहे. अरब देशांतले ज्यू असंच लिहायचे."

मुदीरना ते पटेना. भाषा एक आणि लिपी दुसरी, हे कसं?

प्रमिला म्हणाली, "का नाही? माझी मुलगी इथल्या इंडियन स्कूलमध्ये आहे. मला मराठीत मेसेज करते, पण इंग्रजी अक्षरांत. देवनागरी तिला जड जाते."

बाईंनी टाळी वाजवली. "कित्येक वर्षं मी विद्यार्थ्यांना हे समजावतेय. इतक्या सोप्या शब्दांत जमलं नव्हतं!"

प्रमिला हसली नाही. स्क्रीनकडे वळत म्हणाली, "गोड आहे, पण आजीला तिचे मेसेज वाचता येत नाहीत हो."

मग कामाची रीत ठरली. बाई एकेक अक्षर लावून मोठ्यानं उच्चारायच्या. मुदीर डोळे मिटून ऐकायचे आणि शब्द ओळखायचे. बाईंना अक्षरं दिसत होती, मुदीरना माणूस ऐकू येत होता. दिवसाला तीन-चार शब्द. कधी एकच. चहा घेऊन येणाऱ्यालाही आम्ही सांगायचो, "आज 'आणि' सापडलं!"

नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं पत्र आहे, एवढं कळलं. एक शब्द मात्र अडला. क, फ, र. चार शब्दकोश उघडले. एकात मापाचं नाव निघालं, एकात ओसाड जमीन. प्रमिलानं ऐकलं ते "काफिर"! "अहो, हा नवरा आहे ना? बायकोला काफिर म्हणतोय?" तीन दिवस गाडी तिथेच.

चौथ्या दिवशी नासिर किल्ली द्यायला आत आला. फळ्यावर मुदीरनी तो शब्द अरबीत लिहिला होता. नासिरनं वाचला आणि म्हणाला, "कफीर? आमच्याकडे भिंतीला टांगलीय. झावळ्यांची टोपली. आजी त्यात खजूर भरायची."

मग बाईंनी ओळ पहिल्यापासून वाचली आणि मुदीरनी ती आम्हाला सावकाश हिंदीत सांगितली. ओमानच्याच सोहार बंदरातल्या बायकोला परदेशातून नवरा लिहीत होता, "तू पाठवलेली कफीर मिळाली. खजूर संपले. टोपली ठेवली आहे."

चार शब्दकोश एका बाजूला आणि नासिरची आजी एका बाजूला! आजी जिंकली. पण जिंकल्याचा आनंद कुणाच्याच तोंडावर दिसेना. मुदीर उठून खिडकीशी गेले. मला माझ्या खोलीतली पिशवी आठवली. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, गेल्या खेपेला कोकम बांधून दिलं होतं ती पिशवी. कोकम कधीच संपलं होतं.

*

आणि हा परदेश कुठला? त्या शब्दाला तर मीच उडालो.

बाई म्हणाल्या, "सैमूर. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर. अरब व्यापारी त्याला सैमूर म्हणायचे. बहुतेक अभ्यासक म्हणतात, तुमच्या नकाशावर आज ते चौल आहे."

मी हातातली खळीची वाटी खाली ठेवली. "बाई, माझं घर तिथून चालत पाच मिनिटांवर आहे."

या वेळी बाई खुर्चीत बसल्या!

मी तिथूनच घरी फोन लावला. "सुनंदा, आपल्या गावाचं नाव एका पत्रात सापडलंय. कित्येक शतकांपूर्वीच्या!"

"कसलं पत्र? ग्रामपंचायतीचं?"

"अगं, इथला एक माणूस आपल्या गावी राहत होता. व्यापाराला आलेला. तिथून त्यानं इथल्या बायकोला लिहिलंय."

"म्हणजे तो इथे आणि बायको तिथे?"

"हो."

"आणि तुम्ही तिथे आणि मी इथे."

"हो."

मग तिनं विचारलं, "मग घरी परत कधी येतो म्हणतो?"

मी मुदीरना विचारलं. मुदीरनी बाईंना विचारलं. बाईंनी तुकड्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे लिहिलेलं होतं, "आणि मी येईन ते." पुढचा कागद फाटलेला.

मी तसं सुनंदाला सांगितलं.

"बघा," ती म्हणाली, "तेव्हापासून एकही पुरुष नक्की तारीख सांगत नाही!"

ऑफिसात मी ते भाषांतर करून सांगितलं. सगळे खूप हसले. फोन ठेवल्यावर मी कॅलेंडरपाशी गेलो आणि तारखा मोजत बसलो.

*

एप्रिलमध्ये रजेवर गेलो तेव्हा ठरवलंच होतं की ही बातमी शलोममास्तरांना द्यायची. पण मास्तर एव्हाना अलिबागला नव्हते. बायको गेल्यावर मुलीनं त्यांना इस्रायलला नेलं होतं. आळीतल्या त्यांच्या घराला कुलूप. शेजारून मुलीचा नंबर मिळवला आणि तिथे रस्त्यावरूनच फोन लावला.

"मास्तर, मी सदा! बाइंडर!"

"शीर्षासनवाला?" पलीकडून लगेच आवाज आला. नव्वदीला टेकलेला माणूस, पण मराठी तश्शीच खणखणीत.

मी एका दमात सगळं सांगितलं. पुठ्ठा, हिब्रू अक्षरं, अरबी भाषा, सोहारची बायको, चौलचं नाव. म्हटलं, "मास्तर, विचार करा! तुमच्या अक्षरांत आपल्या चौलचं नाव! कित्येक शतकांपूर्वी!"

मास्तर ऐकत होते. मला वाटलं, आता हा माणूस रडणार.

"सदा," ते म्हणाले, "पांढरा कांदा आला का रे बाजारात?"

"आला, मास्तर."

"माळा करून टांगल्यात?"

"हो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना."

"जरा त्यांच्याजवळ जाऊन उभा राहा ना."

मी रस्ता ओलांडून कांदेवालीच्या टपरीशी गेलो. फोन तसाच कानाला. एक एसटी गेली. कांदेवाली कुणावर तरी ओरडली, "हात नको लावू रे, घ्यायचा तर घे!" कांदेवालीनं मलाही हटकलं, "तुम्हाला काय पायजे?"

फोनवरून मास्तर म्हणाले, "तिला सांग, फक्त बघतोय."

*

आणि हा शेवटचा.

पुस्तक तयार झालं. नवा पुठ्ठा, जुनंच चामडं. पण पत्राचं काय करायचं? बाईंचं म्हणणं, वेगळ्या पेटीत ठेवावं, अभ्यासाला सोपं जाईल. मुदीरना वाटत होतं, पुस्तकाबरोबरच राहावं. पण पत्र मालकीचं हाजी सालिमचं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पुस्तक माझ्या आईचं आहे. तिला विचारा."

आई आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं!

आम्ही सगळे खाबुऱ्याला गेलो. आतल्या खोलीत गादीवर म्हातारी बसली होती. नव्वदीच्या वरची, डोळ्यांत मोतीबिंदू, हातांना मेंदी. हाजी सालिमचा मोठा आवाज त्या खोलीत एकदम लहान झाला. "अम्मा, ते पत्रवाले आलेत."

"वाचा," म्हातारी म्हणाली.

बाईंनी वाचलं. अक्षरं त्यांना आता लावावी लागत नव्हती, पाठच होती. म्हातारीनं मान हलवत ऐकलं. खजूर संपले, टोपली ठेवली आहे, इथे पाऊस फार आहे, "आणि मी येईन ते."

"पुढे?"

"पुढे फाटलंय, अम्मा."

"पुन्हा वाचा."

बाईंनी पुन्हा वाचलं. म्हातारीनं विचारलं, "बोटीनं गेला होता?"

"हो. बोटीनंच."

म्हातारी हाजी सालिमकडे वळली. दिसत नव्हतं तरी तो कुठे बसलाय हे तिला ठाऊक होतं. "याचा बापही बोटीनं गेला. झांजिबारला. हा पोटात होता." मग बाईंच्या दिशेला वळून म्हणाली, "हिनं उत्तर पाठवलं का?"

"कुणी?"

"या बायकोनं."

बाई म्हणाल्या, "ते कुणालाच माहीत नाही. सापडलेलं नाही."

"तिला लिहिता येत नसेल," म्हातारी म्हणाली. "मला तरी कुठे येत होतं! मी सांगते. तू लिही."

बाईंनी मुदीरकडे पाहिलं. मुदीरनी हलकेच मान हलवली. मी माझ्या पिशवीतून दुरुस्तीच्या कागदाचा एक चांगला तुकडा काढून दिला. बाईंनी पेनाचं टोपण उघडलं.

"अरबीत लिहू?"

"त्याला वाचता येईल तसं लिही."

बाई खाली वाकल्या आणि उजवीकडून लिहायला लागल्या. ती चौकोनी अक्षरं. म्हातारी सांगत होती, थांबत होती, पुन्हा सांगत होती, आणि मुदीर कुजबुजत आम्हाला हिंदीत सांगत होते. "पत्र मिळालं. विहिरीला पाणी आहे. तुझी आई गेली, त्रास झाला नाही. शेळी व्याली."

दाराशी उभ्या असलेल्या नासिरनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. हाजी सालिम गाहव्याची किटली घेऊन उठले, पण कुणाच्याच कपात ओतेनात.

म्हातारी थांबली. बाईंनी वर पाहिलं. "एवढंच, अम्मा?"

"नाही," म्हातारी म्हणाली. "लिही, मुलगा झाला. नाव सालिम ठेवलंय."